नोंदीबाहेरच्या मोटारी

अंबरनाथच्या औद्योगिक इतिहासात मोटारगाडीला कोठेही स्थान दिलेले आढळत नाही, आणि वरवर पाहता ते योग्यच आहे. कारण आगपेट्या, गंधकाम्ल, सुपरफॉस्फेट खत, दारूगोळ्याला लागणारे धातूचे भाग, यंत्रे घडविणारी यंत्रे, आणि पुढे औषधे व रसायने एवढ्या नाना वस्तू या गावाने निर्माण केल्या, परंतु मोटारीचा कारखाना येथे कधी निघाला नाही. तथापि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ज्यांनी या भागात वास्तव्य केले, आणि ज्यांना मोटारीची थोडीफार आवड होती, त्यांना हे पक्के ठाऊक आहे की, कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या असंख्य फियाट व पद्मिनी मोटारी औद्योगिक वसाहतीच्या गाळ्यांतून, उल्हासनगरच्या कॅम्पांतील दुकानांतून आणि बदलापूरच्या पत्र्याच्या शेडांतून पुन्हा एकवार घडविल्या गेल्या, आणि तेथून ज्या स्वरूपात त्या रस्त्यावर आल्या त्या स्वरूपाची मोटार जगातल्या कोणत्याही कंपनीने कधी विकली नव्हती. हा व्यवसाय होता, त्यावर अनेक कुटुंबांचा चरितार्थ चालला, त्यात उच्च प्रतीचे कौशल्य होते. परंतु त्याचा इतिहास कोणी लिहिलेला नाही. तशी एक मोटार आमच्या घरी होती आणि ती एका भीषण अपघातात गेली. तिच्या निमित्ताने या व्यवसायाविषयी जे माहीत आहे ते लिहून ठेवावे, असे मनात आले.

हा व्यवसाय उदयास का आला, हे समजण्यासाठी आरंभ कुर्ल्यापासून केला पाहिजे. सोलापूरला जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी सिंदिया कंपनीच्या रूपाने देशी जहाजवाहतुकीचा पाया घातला आणि बंगळुरास विमानांचा कारखाना काढला. मोटारीचा कारखाना काढण्याचे त्यांचे प्रयत्न मात्र महायुद्धापूर्वीपासून चालू असून त्यांस परकीय सरकारची अनुकूलता लाभत नव्हती. अखेर १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन झाली आणि अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीशी करार होऊन १९४७ पासून कुर्ल्यास डॉज, प्लिमथ इत्यादी गाड्यांची जुळणी होऊ लागली. मुंबईत याआधीही मोटारी जुळविल्या जात असत. जनरल मोटर्स कंपनीने शिवडीस १९२८ सालीच तसा कारखाना थाटला होता. परंतु सुट्या भागांचे खोके परदेशाहून आणून येथे फक्त जोडणी करणे वेगळे आणि भाग येथेच निर्माण करणे वेगळे. स्वातंत्र्यानंतर सरकारने पुरी बनलेली मोटार आयात करण्यावर बंधने घातली, १९५३ च्या सुमारास टॅरिफ कमिशनच्या शिफारशीने उत्पादनाचा निश्चित कार्यक्रम नसलेल्या कंपन्यांना काढता पाय घ्यावा लागला, आणि मैदानात प्रामुख्याने तीन नावे उरली : कलकत्त्याजवळची हिंदुस्थान मोटर्स, मद्रासची स्टँडर्ड आणि मुंबईची प्रीमियर.

प्रीमियरने इटलीच्या फियाट कंपनीशी केलेल्या कराराचे फळ म्हणजे १९५४ ची ‘मिलेचेंतो’, अर्थात फियाट ११००. तिचा गोलसर पाठीचा आणि पुढे आलेल्या नाकाडाचा घाट पाहून मुंबईकरांनी तिला ‘डुक्कर फियाट’ असे नाव दिले आणि ते नाव आजही वृद्ध टॅक्सीवाल्यांच्या तोंडी आहे. तिचे पुढचे दरवाजे मागच्या बाजूस बिजागरी असल्यामुळे उलटे उघडत. पुढे ‘एलेगंट’, ‘सिलेक्ट’, ‘सुपर सिलेक्ट’ अशी तिची रूपे बदलत गेली; १९६४ साली ‘डिलाइट’ आली, आणि फियाटशी असलेला करार संपल्यावर तीच गाडी काही काळ ‘प्रेसिडेंट’ व १९७४ पासून ‘पद्मिनी’ या नावाने विकली जाऊ लागली. नाव पालटले, पण गाडी तीच राहिली. १९६० च्या आसपास इटलीत आखलेले तिचे शरीर आणि १०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन शतक उलटेपर्यंत फारसा फरक न होता कुर्ल्यास तयार होत राहिले.

या स्थैर्याचे कारण परवाना पद्धतीत होते. किती मोटारी काढाव्या हे सरकार ठरवी, परकीय चलनाच्या तुटवड्यामुळे नवी यंत्रसामग्री आणणे दुर्घट असे, आणि मागणी पुरवठ्याच्या कितीतरी पुढे असल्यामुळे गिऱ्हाइकाला आज नाव नोंदवून गाडीची वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. अशा काळात एकदा हाती आलेली मोटार मनुष्य सहसा सोडीत नसे. ती जुनी झाली तर नवी मिळण्याची शाश्वती नव्हती. तिच्यात काही उणे वाटले तर दुसऱ्या जातीची गाडी बाजारात नव्हती. तेव्हा जी आहे तिलाच आपल्या गरजेप्रमाणे आणि आवडीप्रमाणे नवी करून घेणे हा एकच मार्ग खुला होता. पाश्चात्त्य देशांत मोटारीत फेरफार करणे हा बहुधा तरुणांचा छंद होता. आपल्याकडे तो टंचाईतून जन्मास आला, आणि म्हणूनच तो काही थोड्या शौकिनांपुरता न राहता डॉक्टर, वकील, ठेकेदार, भाजीचे व्यापारी अशा सर्वसामान्य मोटारमालकांपर्यंत पोहोचला. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी तर याच टंचाईच्या काळात अनेक वर्षे खपून ‘मीरा’ नावाची छोटी मोटार स्वतः घडविली. सरकारी अनुमती न मिळाल्यामुळे ती कारखान्यातून कधी निघाली नाही. महाराष्ट्राच्या यांत्रिक बुद्धीच्या इतिहासात त्या मोटारीला फार वरचे स्थान दिले पाहिजे, असे माझे मत आहे.

आता गरज होती आणि गिऱ्हाईक होते. परंतु हात कोठून आले? येथे अंबरनाथ पुढे येते. शिलाहार राजा मुम्मुणी याच्या कारकिर्दीत, शके ९८२ मध्ये, वालधुनीच्या काठी पूर्ण झालेले शिवमंदिर हे या गावाचे सर्वांत जुने वैभव होय. परंतु आधुनिक अंबरनाथ कारखान्यांनी वसविले. धरमसी मोरारजी कंपनीचा रसायनांचा कारखाना आणि ‘विमको’चा आगपेट्यांचा कारखाना पहिल्या महायुद्धानंतरच्या काही वर्षांत येथे उभे राहिले. स्वातंत्र्यानंतर संरक्षण खात्याने येथे आयुधनिर्माणी आणि मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी असे दोन कारखाने चालविले, आणि या दोन कारखान्यांनीच आपल्या विषयाच्या दृष्टीने खरी कामगिरी बजावली. कारण त्यांनी टर्नर, फिटर, मिलर, पॅटर्नमेकर आणि ओतकाम करणारे यांची एक पिढीच्या पिढी तयार केली. आयुधनिर्माणीत शिकाऊ म्हणून लागलेला मुलगा प्रथम कित्येक महिने कानस चालवी. चौकोनी लोखंडाच्या सहा बाजू कानशीने घासून परस्परांशी काटकोनात आणल्याखेरीज त्याला यंत्राजवळ कोणी उभे करीत नसे. अशा शिस्तीतून निघालेला मनुष्य इंचाचा हजारावा हिस्सा, ज्याला तो ‘थाऊ’ म्हणे, बोटाच्या स्पर्शाने ओळखतो असे सांगितले तर बाहेरच्यांना अतिशयोक्ती वाटेल; मी मात्र हे स्वतः पाहिलेले आहे.

१९६१ च्या कायद्यान्वये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि १ ऑगस्ट १९६२ पासून त्याचे कामकाज सुरू झाले. अंबरनाथच्या माळरानावर रस्ते, वीज आणि पाणी यांची सोय होऊन लहान उद्योजकांना भूखंड मिळू लागले. १९७२ साली बदलापूरजवळ बारवी धरण पुरे झाल्यावर पाण्याची विवंचना बरीच मिटली. मोठ्या कारखान्यांच्या आसपास जॉबवर्क करणारे गाळे निघाले. निवृत्त झालेला, किंवा नोकरी सोडून स्वतःचे काही करू पाहणारा कारागीर एक जुने लेथ, एक शेपर, भिंतीला टेकविलेले एक ड्रिल आणि गॅस वेल्डिंगची दोन नळकांडी एवढ्या भांडवलावर गाळा चालवी. दिवसा तो रासायनिक कारखान्यांच्या पंपांचे शाफ्ट आणि झडपांची बुशे करून देई. पाळी सुटल्यावर, संध्याकाळी, त्याच लेथवर मोटारीची कामे होत. मुंबईच्या नावाजलेल्या गॅरेजांत जो भाग ‘मिळत नाही’ म्हणून सांगितला जाई, तो भाग येथे नमुना पाहून नवा करून मिळे. हा फरक फार मोठा आहे. सुटे भाग विकणारा दुकानदार मोटारीला जशी आहे तशीच ठेवू शकतो. भाग घडविणारा कारागीर तिला वेगळी करू शकतो.

उल्हासनगरचा वाटा निराळा होता. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ बांधलेल्या लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना आसरा देण्यात आला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वस्तीचे उल्हासनगर असे नामकरण झाले. सर्वस्व गमावून आलेल्या या समाजाने जे दिसेल ते पाहून तयार करण्याची जी विद्या संपादन केली, तिची बाहेरच्यांनी पुष्कळ टवाळी केली आहे. परंतु मला तिच्याविषयी निखळ आदर वाटतो. मोटारीची गादी उसवून तिचे स्प्रिंग नव्याने बांधणे, रेक्झिनवर दुहेरी शिवण घालून खोल बैठक तयार करणे, दरवाजांना आतून अस्तर लावणे, बंपर आणि कड्यांना निकेल-क्रोमचा मुलामा देणे, ही कामे तेथे इतकी नीटस होत की, कुर्ल्याच्या कारखान्यातल्या मूळ कामाशी त्यांची तुलना केली असता मूळ काम उणे ठरावे. आमच्या मोटारीच्या गाद्या चार नंबरच्या कॅम्पात एका वृद्ध गृहस्थांनी शिवल्या. ‘साईं, पाठीला टेकू कुठे लागतो ते बसून दाखवा,’ असे म्हणून त्यांनी माझ्या धाकट्या बंधूंना लाकडी पेटीवर बसविले आणि खडूने त्यांच्या पाठीच्या कमानीची रेघ पुठ्ठ्यावर ओढून घेतली. मोटार विकत घेणाऱ्याचे असे माप कोणत्या कंपनीने घेतले आहे?

बदलापूरला पत्र्याचे आणि रंगाचे काम होई. डेंटिंग करणारा कारागीर हातोडी आणि लोखंडी ठोकळा यांच्यामध्ये पत्रा धरून, वरचा रंग काढून उघड्या पडलेल्या पृष्ठावर तळहात फिरवीत काम करी. जेवढा पत्रा सरळ होईल तेवढी लांबी कमी भरावी लागते, आणि लांबी जितकी कमी तितका रंग टिकाऊ, हा त्या धंद्यातला मूलभूत नियम होय. कोकणपट्टीतल्या पावसात हे काम सोपे नव्हे. पद्मिनीला स्वतंत्र चासी नसते. तिचा तळपत्रा, खांब आणि छप्पर मिळून एकच सांगाडा होतो, आणि पायाखालचा पत्रा एकदा गंजू लागला की सबंध गाडीची ताकद जाते. म्हणून चांगला डेंटर प्रथम मोटार घोड्यांवर चढवून तिच्या पोटाखाली सळई टोचून पाही आणि मगच भाव सांगे.

आता प्रत्यक्ष फेरफार काय करीत, हे थोडे विस्ताराने सांगतो. कारण हीच या व्यवसायाची विद्या आहे आणि ती आता झपाट्याने लोप पावत आहे. पद्मिनीच्या इंजिनाची चार सिलिंडरे ६८ मिलिमीटर व्यासाची असून पिस्टनची धाव ७५ मिलिमीटरची असे. ब्लॉक बिडाचा आणि हेड अॅल्युमिनियमचे. इंजिन सौम्य स्वभावाचे, हलक्या पेट्रोलवर चालावे अशा बेताने बांधलेले. त्यामुळे त्यात वाव पुष्कळ होता. हेडची खालची बाजू मिलिंगवर घेऊन वीस, तीस, क्वचित चाळीस थाऊ उतरविली म्हणजे ज्वलनाची जागा आकसून दाब वाढे. मॅनिफोल्डची तोंडे आणि हेडची तोंडे एकमेकांशी जुळत नसत, ती घासून एकसारखी केली की, श्वास मोकळा होई. कार्ब्युरेटर मोठा बसविला की चढणीवर फरक समजे. याहून पुढची पायरी म्हणजे इंजिनच बदलणे. १९८५ साली प्रीमियरने ‘११८ एनई’ नावाची मोटार काढली. तिचे शरीर फियाट १२४ चे आणि इंजिन निसान कंपनीच्या आखणीचे, ११७१ घनसेंटिमीटरचे होते. अपघातात गेलेल्या किंवा भंगारात निघालेल्या ११८ एनईचे इंजिन व गिअरबॉक्स कुर्ल्याच्या भंगारबाजारातून आणून पद्मिनीत बसविणे, हे गाळ्यांतल्या कारागिरांचे सर्वांत मानाचे काम समजले जाई. त्यासाठी इंजिनाचे आधार नव्याने घडवावे लागत, प्रोपेलर शाफ्ट कापून, जोडून, तोल साधून घ्यावा लागे आणि स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर काढून तळपत्र्यात नवा गिअर बसवावा लागे. हे सारे करूनही इंजिन मूळच्या जागी असल्याप्रमाणे दिसले पाहिजे, कोठे ठिगळ दिसता कामा नये, ही प्रतिष्ठेची बाब असे.

आमच्या मोटारीचे काम ज्यांनी केले ते टर्नर आयुधनिर्माणीतून निवृत्त झालेले होते. आम्ही त्यांना काका म्हणत असू. इंजिन बदलण्याची गोष्ट काढली तेव्हा त्यांनी बराच वेळ काही उत्तर दिले नाही. मग म्हणाले, ‘चारी चाकांना ड्रम आहेत. आधी थांबायचं काय ते बघू, पळायचं मागाहून.’ त्यांनी प्रथम ब्रेकला व्हॅक्यूम बूस्टर बसविला, चारी ड्रम लेथवर घेऊन गोल केले, मागच्या कमानींचे पाटे बदलले, आणि हे सर्व झाल्यावर त्यांनी एक अशी गोष्ट केली की, जिची मागणी आम्ही केलेली नव्हती. पद्मिनीच्या मूळ घडणीत सुरक्षापट्ट्याची सोय नव्हती. काकांनी मधल्या खांबाच्या आत आणि तळपत्र्याखाली जाड पोलादी पट्ट्या वेल्ड केल्या, त्यांत साडेतीन सुती बोल्टांचे आटे पाडले आणि भंगारातल्या एका परदेशी मोटारीचे नव्हे, तर मुद्दाम विकत आणलेले नवे पट्टे बसविले. पट्टा आणि ब्रेकची नळी या दोन वस्तू वापरलेल्या घेऊ नयेत, असा त्यांचा दंडक होता. या कामाचे पैसे त्यांनी हिशेबात धरले नाहीत.

ती मोटार राखी रंगाची, १९७३ सालची ‘प्रेसिडेंट’ होती. तिच्या दर्शनी भागात फरक फारसा नव्हता. ओळखणाऱ्याला तो तिच्या आवाजावरून आणि किंचित खाली बसलेल्या चालीवरून समजे. कल्याणहून पुण्यास जाताना बोरघाटात ती जुन्या पद्मिनीप्रमाणे पाणी मागत नसे. तिच्या डाव्या खिडकीखाली एक पितळी खुंटी होती, ती माझ्या आईच्या पिशवीसाठी काकांनी लेथवर उतरविली होती. घरातल्या प्रत्येक माणसाचे काही ना काही त्या मोटारीत होते. आम्हा भावंडांचे तिच्यावर अपार प्रेम होते, आणि ते व्यक्त करण्यात मला संकोच वाटत नाही.

१९९९ च्या पावसाळ्यात, पहाटेच्या अंधारात, मुरबाडच्या पुढे सरळगावाजवळ, मागचा दिवा नसलेला एक मालट्रक रस्त्यावर बंद पडून उभा होता. माझे बंधू माळशेजकडे जात होते. पाऊस कोसळत होता. ट्रक दिसला तेव्हा अंतर फार थोडे उरले होते. ब्रेक लागले, मोटार सरळ रेषेत घसरत गेली, आणि तरीही धडक टळली नाही. इंजिन मागे रेटले जाऊन पुढचा तळपत्रा दुमडला, स्टिअरिंगचा दांडा, जो त्या काळच्या गाड्यांत धडकेसरशी मिटणारा नसे, वीतभर मागे आला, छपराचा पुढचा खांब वाकला. बंधूंच्या मांडीचे हाड मोडले, दोन बरगड्या गेल्या. परंतु छाती त्या दांड्यावर आदळली नाही, कारण पट्ट्याने त्यांना आसनाशी धरून ठेवले. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी पट्ट्याचा खांद्यावरून कमरेपर्यंत उमटलेला जांभळा वळ दाखवून जे सांगितले त्याचा अर्थ एवढाच की, तो वळ नसता तर आम्ही त्यांच्याशी बोलत नसतो. पुढे मोटार पाहिली तेव्हा सगळा सांगाडा पिळवटलेला होता आणि खांबावरच्या व तळपत्र्यावरच्या त्या पोलादी पट्ट्या जागच्या जागी होत्या. वेल्डला चीरसुद्धा गेली नव्हती. हजारो रुपये खर्चून केलेले बाकीचे सर्व फेरफार त्या क्षणी निरुपयोगी ठरले होते, आणि न मागता, विनामूल्य केलेले काम तेवढे उपयोगी पडले होते.

त्यानंतर जे घडले ते या लेखाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. पोलिसांनी पंचनामा केला. त्यात गाडीची जात, रंग, नोंदणी क्रमांक आणि नुकसानीचा तपशील होता. मोटार वाहन निरीक्षकांनी तपासणी केली. ब्रेक कार्यक्षम असल्याचे त्यांनी अहवालात लिहिले. सुपूर्दनामा लिहून दिल्यावर मोटार आमच्या ताब्यात आली. विमा कंपनीने तिची जी किंमत ठरविली ती तिच्या वयाकडे पाहून ठरविली, आणि कायद्याच्या दृष्टीने त्यात काही गैर नव्हते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे नष्ट झालेल्या वाहनाची वर्दी मालकाने शक्यतो चौदा दिवसांत नोंदणी कार्यालयास द्यावयाची असते. त्याप्रमाणे अर्ज केला, चासी क्रमांक असलेला पत्र्याचा तुकडा कापून दाखल केला, आणि नोंदणी रद्द झाली. या सर्व कागदपत्रांत इंजिनबदलाच्या एका नोंदीखेरीज त्या मोटारीवर झालेल्या कामाचा उल्लेख कोठेही नाही. ज्या माणसाने ते काम केले त्याचे नाव तर कोणत्याच दप्तरात नाही. मोटार भंगारात गेली तेव्हा मोटारीइतकाच त्या कामाचा एकुलता एक पुरावाही गेला, हे मला फार उशिरा जाणवले.

काकांना आम्ही सर्व हकीकत सांगितली. त्यांनी बंधूंच्या प्रकृतीची बारकाईने चौकशी केली, आणि मग आम्हाला अनपेक्षित असा एक प्रश्न विचारला : ‘बोल्ट वाकला होता का?’ वाकला नव्हता, असे सांगितल्यावर त्यांनी मान हलविली आणि चहा मागविला. ते आज हयात नाहीत. त्यांचा गाळा दुसऱ्याकडे गेला असून तेथे आता संगणकावर चालणारे यंत्र आहे.

हा व्यवसाय त्यापूर्वीच ओसरू लागला होता. १९८३ च्या डिसेंबरात मारुती मोटार आली, १९९३ साली मोटार उद्योगावरील परवान्याचे बंधन उठले, आणि नवी गाडी हप्त्याने घरी आणणे इतके सुलभ झाले की, जुनीला नवी करण्याची निकड राहिली नाही. प्रीमियरने कल्याण-डोंबिवलीच्या आपल्या कारखान्यात फ्रेंच प्यूजो मोटार काढून पाहिली, पण ती टिकली नाही आणि पद्मिनीचेही उत्पादन थांबले. २६ जुलै २००५ च्या प्रलयंकारी पावसात उल्हास नदीचे पाणी बदलापुरात शिरले, त्यात आमच्या डेंटरच्या शेडमधले पुठ्ठ्याचे साचे आणि मापांच्या वह्या वाहून गेल्या. कायद्याचेही धोरण बदलले. १९३९ च्या कायद्यात फेरफाराची वर्दी देऊन नोंद करून घेण्याची रीत होती. पुढे १९८८ च्या कायद्यात व त्याच्या दुरुस्त्यांत बंधने कडक होत गेली, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, निर्मात्याने ठरविलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल वाहनात करता येणार नाही. रस्त्यावरील सुरक्षिततेचा विचार करता या निर्णयामागील हेतू रास्त आहे. बेजबाबदार फेरफाराने माणसे मेली आहेत. कर्कश धुराडी आणि डोळे दिपविणारे दिवे लावून फिरणाऱ्यांविषयी मला सहानुभूती नाही. परंतु ज्या विद्येने ब्रेक आधी आणि वेग मागून असा क्रम लावला, ती विद्या आणि तो उच्छृंखलपणा एकाच मापाने मोजले जावेत, याचे दुःख होते.

आणखी एक अडचण आहे. जुन्या मोटारींचे जतन व्हावे म्हणून केंद्र सरकारने २०२१ च्या जुलैमध्ये नियम केले. पन्नास वर्षांवरील मोटारींना ऐतिहासिक वाहन म्हणून स्वतंत्र नोंदणी मिळू लागली. मात्र त्यासाठी मोटार मूळ स्वरूपात असली पाहिजे. तिच्या चासीत, सांगाड्यात वा इंजिनात भरीव बदल झालेला चालत नाही. तेव्हा कारखान्यातून निघाली तशीच राहिलेली पद्मिनी इतिहासात जमा होईल, आणि अंबरनाथच्या गाळ्यात जिचे रूपांतर झाले ती होणार नाही. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सींचा शेवट सर्व वर्तमानपत्रांनी सन्मानाने नोंदविला. शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती आणि वीस वर्षांची मुदत संपताच, २०२३ च्या ऑक्टोबरअखेर, ती रस्त्यावरून गेली. ते योग्यच झाले. परंतु कुर्ल्याने जे केले त्याची कागदपत्रे कंपनीच्या व सरकारच्या दप्तरांत आहेत; अंबरनाथ, उल्हासनगर आणि बदलापूर यांनी जे केले त्याची कागदपत्रे कोठेच नाहीत, आणि मूळ मोटारीपेक्षा हे दुसरे काम आपल्या लोकांच्या बुद्धीचे अधिक निदर्शक आहे, असे माझे ठाम मत आहे. मूळ गाडीची आखणी इटलीत झाली होती. तिच्यात काय उणे आहे आणि ते कसे भरून काढावे, हे मात्र येथे ठरले.

म्हणून माझी या भागातील वाचकांना एक विनंती आहे. ज्यांच्या घरी जुन्या जॉबकार्डांच्या चळती, मापांच्या वह्या, पॅटर्नचे लाकडी तुकडे, गाद्यांचे पुठ्ठ्याचे साचे, किंवा अशा एखाद्या मोटारीची छायाचित्रे पडून असतील, त्यांनी ती रद्दीत घालू नयेत. प्रत्येकाच्या मागे काम कोणी केले त्याचे नाव, कोणत्या गाळ्यात केले ते ठिकाण, आणि साल लिहून ठेवावे. जे कारागीर हयात आहेत त्यांच्याजवळ बसून त्यांच्या तोंडून कामाची रीत उतरवून घ्यावी. त्यातले बहुतेक आता सत्तरीच्या पुढे आहेत, आणि विचारले असता ते आनंदाने सांगतात. आपल्या गावच्या ग्रंथालयाने यासाठी एक कपाट मोकळे करून दिले तरी आरंभास पुरेसे आहे.